कौन्सिलांतील हिशेब आणि चावडीवरील लोक

मार्च महिना आला कीं मुंबईच्या विधानभवनांत राज्याचें अंदाजपत्रक मांडलें जातें, आणि मग थोड्याच दिवसांत गांवोगांवच्या नाक्यांवर आमदारांच्या नांवाचे फलक झळकूं लागतात. अमुक रस्त्यास इतके लाख, तमुक पुलास इतके कोटि. पुढें कार्यअहवालाची गुळगुळीत पुस्तिका घरीं येते. तींत प्रतिनिधीचें छायाचित्र मोठें असतें व आंकडे बारीक असतात. हा प्रकार आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, सरकारी जमाखर्चाचा झाडा प्रतिनिधीनें लोकांपुढें येऊन द्यावा ही कल्पना आपल्याकडे केव्हां व कशी रुजली, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. सर्वसाधारण समजूत अशी कीं, आधीं मत आलें, मतापाठोपाठ उमेदवार आला, आणि उमेदवाराला तें मत पुन्हां हवें असतें म्हणून हिशेब आला. जुन्या मुंबई इलाख्याचा इतिहास पाहूं जातां हा क्रम उलटा दिसतो. येथें हिशेब आधीं आला व मत मागाहून आलें. ज्यांना मत नव्हतें त्यांनाच हिशेब सांगण्यापासून या रीतीचा आरंभ झाला, आणि तो सांगणारांना त्याची किंमतहि मोजावी लागली. कांहीं प्रसंगांच्या आधारें ही गोष्ट वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

मूळ शोधूं गेल्यास कायदेकौन्सिलापर्यंतहि जावें लागत नाहीं. पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजीं स्थापन झाली. पर्वतीसंस्थानच्या कारभाराबद्दल लोकांत असंतोष होता, त्या निमित्तानें ही मंडळी एकत्र आली. पण सभेनें आपल्या घटनेंत एक नियम असा घातला कीं, त्याचें कौतुक आज दीडशें वर्षांनंतरहि वाटतें. सभासद व्हावयाचें तर किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणलें पाहिजे! सरकारनें ज्यांना मत दिलें नव्हतें त्यांनीं अशा रीतीनें आपलें मत आपणच निर्माण केलें. आरंभीं पंचाण्णव सभासद झाले व त्यांच्या पाठीशीं सुमारें सहा हजार लोकांचीं मुखत्यारपत्रें होतीं. हे सहा हजार लोक बहुतेक वरच्या वर्गांतले, शहरांतले व जमीनजुमला असलेले होते, हें खरें आहे आणि तें झांकण्याचें कारण नाहीं. परंतु 'मी पन्नास जणांचा मुखत्यार आहें' असें म्हणणारा मनुष्य त्या पन्नास जणांस कांहींतरी उत्तर देणें लागतो, ही जाणीव येथून सुरू झाली. मुखत्यार हा शब्दच मुळीं कचेरीतला आहे. मुखत्यारानें धन्यास हिशेब द्यावयाचा असतो, हें कुळकर्ण्यापासून कुळापर्यंत सर्वांस ठाऊक होतें.

सरकारच्या कौन्सिलांत मात्र अशी कांहीं जाणीव असण्याचें कारण नव्हतें. १८६१ च्या कायद्यान्वयें गव्हर्नरच्या कौन्सिलांत कांहीं नेमलेले सभासद कायदे करण्यापुरते बसत. पुढें आलेल्या बिलाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलण्याची त्यांस मनाई होती, आणि जमाखर्च हा तर त्यांच्या अधिकाराबाहेरचाच विषय. १८९२ च्या कायद्यानें दार थोडें किलकिलें झालें. निवडणूक हा शब्द त्या कायद्यांत कटाक्षानें टाळलेला होता. मुंबईची म्युनिसिपालिटी, विश्वविद्यालय, व्यापारी मंडळ, दक्षिणेंतील सरदार, लोकलबोर्डें अशा संस्थांनीं व वर्गांनीं नांवें सुचवावीं आणि गव्हर्नरनें तीं नेमावीं, अशी ही आडवळणाची व्यवस्था होती. सभासदांस प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला, पण उत्तर समाधानकारक नसल्यास उपप्रश्न विचारण्याचा मिळाला नाहीं. अंदाजपत्रकावर बोलण्याचा हक्क मिळाला, पण त्यावर मत देण्याचा अथवा एखादी रक्कम एका पैनेंहि कमी करण्याचा मिळाला नाहीं. सरकारनें खर्च ठरवावा, सभासदांनीं वर्षांतून एकदां त्यावर भाषणें करावींत, सरकारी सभासदांनीं त्यांस उत्तर द्यावें आणि अंदाजपत्रक जसेंच्या तसें राहावें, असा हा सोहळा होता. अशा ठिकाणीं जाऊन काय साधणार, असें तेव्हांहि पुष्कळ लोक विचारीत.

या प्रश्नाचें एक उत्तर १८९५ सालीं मध्यभागांतील लोकलबोर्डांच्या तर्फे कौन्सिलांत गेलेल्या बाळ गंगाधर टिळकांनीं दिलें. मध्यभाग म्हणजे पुणें, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक व खानदेश हा मुलूख. टिळकांना नांव सुचविणारे मतदार म्हणजे या जिल्ह्यांतील लोकलबोर्डांचे थोडके सभासद. एखाद्या बैठकींत बसून निघूं शकेल एवढा तो मतदारसंघ होता, आणि त्याच्याशीं पत्रव्यवहार ठेवला असता तर प्रतिनिधीचें कर्तव्य कायद्याच्या दृष्टीनें पुरें झालें असतें. पण टिळकांच्या हातीं कौन्सिलाबरोबर आणखी दोन साधनें होतीं. 'केसरी' हें साप्ताहिक त्यांचें होतें, आणि त्याच वर्षीं सार्वजनिक सभेचा कारभारहि त्यांच्या पक्षाकडे आला होता. सभेंतून बाहेर पडलेल्या मंडळींनीं पुढील वर्षीं डेक्कन सभा काढली. तो वाद कटु होता, पण येथें त्यांत शिरण्याचें प्रयोजन नाहीं.

१८९६ चा पाऊस गेला आणि दख्खनवर दुष्काळ आला. अशा प्रसंगीं काय करावें याचे नियम सरकारनें पूर्वींच्या दुष्काळांच्या अनुभवावरून करून ठेवलेले होते. त्यांस फॅमिन कोड म्हणत. पीक बुडालें तर साऱ्याची तहकुबी केव्हां द्यावी, सूट केव्हां द्यावी, दुष्काळी कामें कोठें व कोणत्या मजुरीवर काढावीं, अपंगांस व म्हाताऱ्यांस फुकट अन्न केव्हां द्यावें, हें सर्व त्यांत होतें. परंतु हीं पुस्तकें इंग्रजींत होतीं व कलेक्टरच्या कपाटांत होतीं. ज्याच्या शेतांत कणीस आलें नाहीं त्याला आपल्यासाठीं असें कांहीं लिहून ठेवलेलें आहे याचा पत्ताच नव्हता. तो नेहमीप्रमाणें सावकाराकडे जाई, बैल विकी, आणि तलाठ्याच्या वा कुळकर्ण्याच्या हातावर सारा ठेवी.

टिळकांनीं काय केलें? या कोडांतील मुख्य कलमें मराठींत आणलीं, तीं 'केसरी'तून छापलीं, पत्रकें काढून वांटलीं, आणि सभेचे प्रतिनिधि तालुक्यातालुक्यांत पाठविले. हे तरुण लोक गांवांत जात, लोकांस जमवीत, नियम वाचून दाखवीत आणि पिकाची स्थिति लिहून आणीत. सांगणें असें कीं, ऐपत असेल त्यानें सारा भरावा. पण पीकच नसेल तर घरांतलीं भांडीं व गोठ्यांतलीं गुरें विकून सारा भरूं नये, सरकारच्याच नियमांप्रमाणें तहकुबी मागावी. धान्याचे बाजार लुटूं नयेत, कलेक्टरकडे जाऊन काम मागावें. सोलापूर व नगर येथील विणकरांचे माग बंद पडले, तेव्हां व्यापाऱ्यांच्या साहाय्यानें त्यांस त्यांच्याच धंद्यांत काम देण्याची योजनाहि टिळकांनीं मांडली. खडी फोडण्यानें विणकराचा हात कायमचा बिघडतो हें त्यांना दिसत होतें. ती योजना सरकारनें स्वीकारली नाहीं.

सरकारनें मांडलेला खर्च, सरकारनेंच केलेले नियम, आणि ते लोकांस सांगणारा सरकारच्याच कौन्सिलाचा सभासद! वरवर पाहतां यांत राजद्रोहाचा अंश कोठें आहे असें वाटेल. पण अधिकाऱ्यांचें म्हणणें निराळें होतें. कोड हा कायदा नव्हे. त्या अधिकाऱ्यांस दिलेल्या सूचना आहेत. तहकुबी द्यावयाची कीं नाहीं हें सरकार ठरवील, रयतेनें ती हक्कानें मागूं नये. वादाची सगळी गांठ येथें आहे. एकाच कागदावरील एकाच वाक्याला सरकार मेहेरबानी म्हणत होतें आणि 'केसरी' हक्क म्हणत होता. कागद कपाटांत असेपर्यंत ती मेहेरबानीच राहते. तो चावडीवर वाचला गेला कीं तिचा हक्क होतो. कायद्याच्या बारकाव्यांत अधिकाऱ्यांची बाजू अगदींच लंगडी नव्हती. तरी ज्या नियमांची माहिती फक्त देणारालाच आहे अशा नियमांचा उपाशी माणसाला काय उपयोग, या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नव्हतें.

परिणाम लौकरच दिसला. सभेच्या कांहीं प्रतिनिधींवर खटले भरण्यांत आले, आणि मार्च १८९७ मध्यें सरकारनें सार्वजनिक सभेशीं पत्रव्यवहार करण्याचें बंद केलें. सव्वीस वर्षें जी संस्था रयतेच्या वतीनें अर्ज धाडीत होती तिचे अर्ज यापुढें घेतले जाणार नाहींत, असा त्याचा अर्थ. टिळक त्याच वर्षीं पुन्हां कौन्सिलावर निवडून आले. पण तोंपर्यंत पुण्यांत प्लेगनें थैमान मांडलें होतें. २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली, आणि जुलैच्या अखेरीस टिळकांस 'केसरी'तील लेखांबद्दल अटक होऊन सप्टेंबरांत दीड वर्षाची शिक्षा झाली.

या चळवळीवर एक आक्षेप तेव्हांपासून घेतला जातो, आणि तो विचार करण्याजोगा आहे. साऱ्याची तहकुबी ज्याच्या नांवावर जमीन आहे त्याच्या उपयोगाची. ज्याच्या नांवावर वीतभरहि जमीन नाहीं, जो दुसऱ्याच्या बांधावर राबतो, त्याला तिचा काय लाभ? दुष्काळी कामांविषयीं 'केसरी'नें पुष्कळ लिहिलें हें खरें. पण चळवळीचा भर साऱ्यावर होता व सारा देणारांवर होता, हें नाकारतां येत नाहीं. कौन्सिलाच्या दाराशीं हिशेब ऐकावयास उभ्या असलेल्या लोकांत आणखी एक रांग मागें होती, आणि तिच्यापर्यंत आवाज पोंचावयास आणखी तीस वर्षें जावयाचीं होतीं.

मधल्या काळांतील गोष्टी थोडक्यांत सांगतों. १८९९–१९०० सालीं त्याहून मोठा दुष्काळ पडला. त्याच्या मागोमाग १९०१ सालीं मुंबई सरकारनें जमीनमहसुलाच्या कायद्यांत दुरुस्ती आणली. सारा थकल्यामुळें सरकारजमा झालेल्या जमिनी शेतकऱ्यांस परत देतांना त्या विकण्याचा वा गहाण टाकण्याचा अधिकार काढून घ्यावा, असा तिचा आशय होता. सावकारापासून रयतेचें रक्षण करण्याकरितां हें आहे असें सरकार म्हणे, आणि जमिनीवरील मालकीच यानें सरकारकडे जाईल असें लोकपक्ष म्हणे. त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत, लोकमताचा विचार होईपर्यंत थांबा ही विनंति फेटाळली गेली तेव्हां, फिरोजशहा मेथा कौन्सिलांतून उठून गेले, व त्यांच्यामागून गोपाळ कृष्ण गोखले व आणखी कांहीं सभासद गेले. कायदा अर्थात् मंजूर झाला. पण ज्या सभेंत बोलण्याखेरीज कोणताच अधिकार नाहीं तेथें न बोलतां उठून जाणें हेंहि एक भाषण असूं शकतें, हें त्या दिवशीं सर्वांस कळलें.

त्याच वर्षीं मेथांच्या जागीं गोखले कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलांत गेले. त्यांचे मतदार तर टिळकांच्या मतदारांहूनहि थोडे. मुंबई कौन्सिलाचे बिनसरकारी सभासद, एवढेच. २६ मार्च १९०२ रोजीं त्यांनीं अंदाजपत्रकावर पहिलें भाषण केलें. खजिन्यांत सात कोटींची शिल्लक पडली होती व सर्वत्र अभिनंदन चाललें होतें. या अभिनंदनांत मला मनापासून सामील होतां येत नाहीं, या अर्थाच्या वाक्यानें गोखल्यांनीं आरंभ केला. देशावरून दोन दुष्काळ गेले आहेत, प्लेग चालू आहे, आणि खजिना मात्र दरसाल फुगतो आहे, तर लोकांच्या स्थितीचा व खजिन्याच्या स्थितीचा मेळच राहिलेला नाहीं, असा त्यांचा मुद्दा होता. शिल्लक पडली कशी तेंहि त्यांनीं उलगडून दाखविलें. पूर्वीं रुपयाचा भाव उतरत होता, त्यामुळें विलायतेस द्यावयाच्या रकमेला अधिकाधिक रुपये लागत. त्या सबबीवर कर वाढविले गेले, मिठावरील कर १८८८ सालीं मणास अडीच रुपये झाला. १८९३ मध्यें टांकसाळी बंद करून सरकारनें रुपयाचा भाव चढविला आणि तो सोळा पेन्सांवर आणून ठेवला. सबब गेली, कर राहिले. शिल्लक म्हणून जी रक्कम दिसते ती सुबत्तेची खूण नसून नको असलेल्या करांची बेरीज आहे.

या भाषणांमागें ज्या माणसाचे श्रम होते त्याचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं. सरकारी शाळेंत हेडमास्तरी केलेले गणेश व्यंकटेश जोशी हे आंकड्यांचे विलक्षण जाणकार होते. सार्वजनिक सभा स्थापन करणारे 'सार्वजनिक काका' गणेश वासुदेव जोशी ते हे नव्हेत. नांवांच्या साम्यामुळें चांगले चांगले लेखकहि येथें घसरलेले आहेत. सरकारी अहवालांचीं निळीं पुस्तकें चाळून जोशी कोष्टकें तयार करीत व गोखले आपल्या शंका त्यांस पत्रानें कळवीत. एका मास्तराच्या घरांत बसून तयार झालेलीं कोष्टकें कलकत्त्यास लॉर्ड कर्झनसमोर वाचलीं जात होतीं. पुढें १९०३ सालीं मिठावरील कर दोन रुपयांवर आला, १९०५ सालीं दीड रुपयावर, १९०७ सालीं एक रुपयावर. प्राप्तीवरील करांतून सुटणाऱ्या उत्पन्नाची मर्यादाहि १९०३ मध्यें पांचशेंवरून हजारावर गेली. याचें सर्व श्रेय गोखल्यांच्या भाषणांस देणें अतिशयोक्तीचें होईल, कारण शिल्लक इतकी उघडी पडल्यावर सरकारला कांहींतरी सोडणें भागच होतें. तथापि ती उघडी पाडण्याचें काम कोणी केलें हें विसरतां कामा नये.

गोखल्यांचें भाषण इंग्रजींत होतें व तें इंग्रजी जाणणारांनींच वाचलें. मराठी पत्रांतून सारांश येत, पण चलनाचा भाव व विलायतेचा खर्च हे विषय चावडीवर बसून समजण्यासारखे नव्हते. मीठ मात्र सर्वांस समजत होतें. या दोन पुरुषांपैकीं थोर कोण हा जुना वाद आमच्या मतें निष्फळ आहे. एकानें सरकारला उत्तर द्यावयास लावलें, दुसऱ्यानें लोकांस प्रश्न विचारावयास शिकविलें. आणि एकाच्या कामांतली उणीव दुसऱ्याच्या कामानें भरून निघत होती, हें दोघांच्याहि अनुयायांस मान्य करणें जड गेलें.

१९०९ नंतर अंदाजपत्रकावर ठराव मांडण्याची मुभा मिळाली. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें गोखल्यांचें बिल १९ मार्च १९१२ रोजीं तेरा विरुद्ध अडतीस मतांनीं पडलें. १९१९ च्या सुधारणांनीं मुंबई इलाख्यास प्रथमच थेट मतदार दिले, पण ठराविक सारा वा कर भरणारेच. कारभाराचेहि दोन भाग झाले. पोलीस, जमीनमहसूल व तिजोरी गव्हर्नरच्या माणसांकडे. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य व अबकारी लोकनियुक्त दिवाणांकडे. म्हणजे मुलांची शाळा आणि बापाची दारू एकाच पारड्यांत येऊन बसली!

आतां आमदार मतदारांस हिशेब सांगूं लागले असतील असें वाचकांस वाटेल. कांहीं सांगूंहि लागले. परंतु या काळांतील जी हकीकत आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटते तिचा नायक मतदार नसलेलाच सभासद आहे. १९२७ च्या आरंभीं मुंबई कौन्सिलांत अस्पृश्य वर्गाच्या वतीनें डॉ. भीमराव आंबेडकर व डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांची सरकारनें नेमणूक केली. निवडणूक नाहीं, मतदारसंघ नाहीं. नेमणारा गव्हर्नर, आणि म्हणून कायद्यानें उत्तरदायित्व कोणाशींच नाहीं. ज्यांच्या वतीनें नेमले गेले त्यांच्यांतील बहुतेकांस मत नव्हतें, कारण मतास लागणारा सारा भरण्याइतकी जमीनच नव्हती. तीस वर्षांपूर्वीं जी रांग मागें राहिली म्हणून वर म्हटलें, ती ही.

अर्थशास्त्राचा हा पंडित कौन्सिलांत आला तो अंदाजपत्रकावरच बोलला. २४ फेब्रुवारी १९२७ च्या भाषणांत त्यांनीं साऱ्याच्या मुळावरच बोट ठेवलें. प्राप्तीवरील कर उत्पन्न झालें तरच द्यावा लागतो, आणि लहान उत्पन्नास तो माफ असतो. सारा मात्र पीक येवो न येवो द्यावा लागतो, आणि एक एकरवाल्यास जो दर तोच शंभर एकरवाल्यास. १२ मार्चला शिक्षणाच्या खर्चावर बोलतांना त्यांनीं दुसरा हिशेब मांडला. इलाख्यांत शिक्षणावर माणशीं खर्च चौदा आणे, आणि अबकारीपासून माणशीं उत्पन्न दोन रुपयांहून अधिक. शाळेंत जाणाऱ्या शंभर मुलांपैकीं चौथ्या इयत्तेपर्यंत अठराच पोंचतात. या गतीनें सर्व मुलगे शाळेंत यावयास चाळीस वर्षें लागतील आणि मुलींना तीनशें! हे आंकडे ऐकून कौन्सिल किती हललें तें सांगवत नाहीं. पण वाचकांनीं या भाषणाची तारीख लक्षांत ठेवावी.

चार वर्षांपूर्वीं, ४ ऑगस्ट १९२३ रोजीं, याच कौन्सिलांत सीताराम केशव बोले यांनीं एक ठराव मंजूर करून घेतला होता. सार्वजनिक पैशानें बांधलेलीं वा चालविलेलीं पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच सरकारी शाळा, न्यायकचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस वापरूं द्यावे, असा तो ठराव. सरकारनें तो आपल्या खात्यांकडे धाडला. कुलाबा जिल्ह्यांतील महाडच्या म्युनिसिपालिटीनें जानेवारी १९२४ मध्यें त्याला अनुसरून चवदार तळें खुलें केल्याचें जाहीर केलें, आणि मग कांहींच झालें नाहीं. तळें होतें तेथेंच राहिलें, ठराव दप्तरांत राहिला, आणि तळ्यावर जाण्याची कोणाची छाती झाली नाहीं. ऑगस्ट १९२६ मध्यें बोल्यांनीं दुसरा ठराव आणला. जी म्युनिसिपालिटी अथवा लोकलबोर्ड पहिला ठराव अंमलांत आणणार नाहीं तिला सरकारनें पैशाची मदत देऊं नये. बोल्यांच्या या दुसऱ्या ठरावाचें महत्त्व जितकें ओळखलें जावें तितकें जात नाहीं असें आम्हांस वाटतें. रूढीचा प्रश्न त्यांनीं सरळ अंदाजपत्रकाच्या वहीत आणून ठेवला. तळें सर्वांच्या पैशाचें असेल तर पाणी सर्वांचें. पाणी सर्वांचें नसेल तर पैसा तरी सर्वांचा का असावा?

१२ मार्चचें भाषण झाल्यावर पुरता आठवडा गेला नाहीं तोंच डॉ. आंबेडकर महाडास होते. १९ व २० मार्च १९२७ रोजीं तेथें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. खेड्यापाड्यांतून हजारों माणसें पायीं चालून आलीं होतीं. मुंबईच्या कौन्सिलांत काय ठरलें आहे, महाडच्या म्युनिसिपालिटीनें काय जाहीर केलें आहे, आणि आपला हक्क काय आहे, हें त्यांस तेथें त्यांच्याच भाषेंत ऐकावयास मिळालें. दुसऱ्या दिवशीं परिषद उठली ती मिरवणुकीनें तळ्यावर गेली आणि डॉ. आंबेडकरांनीं तळ्याचें पाणी प्यालें. कौन्सिलाचा एक ठराव साडेतीन वर्षें कागदावर पडून होता; त्या दिवशीं दुपारीं तो अंमलांत आला. पुढें गांवांत अफवा उठली, परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, डोकीं फुटलीं. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' हें पाक्षिक निघालें, आणि ज्यांना मत नव्हतें व बहुतेकांना वाचतांहि येत नव्हतें अशा लोकांशीं मराठींतून बोलण्याचें साधन या नेमलेल्या सभासदाच्या हातीं आलें. गांवांत एक जण वाचून दाखवी व दहा जण ऐकत. महाडच्या म्युनिसिपालिटीनें ऑगस्टांत आपला १९२४ चा ठराव फिरविला. डिसेंबरांत दुसरी परिषद भरली. तळ्याचा दावा कोर्टांत चालून मुंबई हायकोर्टाचा अनुकूल निकाल लागला तो १९३७ च्या मार्चमध्यें.

कोड कपाटांतून काढून चावडीवर वाचणें आणि ठराव दप्तरांतून काढून तळ्यावर नेणें, हीं दोन कामें करणारे पुरुष इतर बाबतींत एकमेकांपासून किती दूर होते तें वाचकांस सांगावयास नको. एकानें ज्या समाजाच्या जोरावर चळवळ केली, त्याच समाजाशीं दुसऱ्याला झगडावें लागलें. तरी कौन्सिलाचा सभासद ज्याला उत्तर देतो तो कौन्सिलाबाहेरचा माणूस, मग त्याला मत असो वा नसो, एवढ्या मुद्द्यावर दोघांची कृति एकच होती.

१९३७ सालीं नव्या कायद्याप्रमाणें निवडणुका झाल्या तेव्हां मतदार पुष्कळ वाढले, तरी ते सर्व प्रौढ नव्हते. सर्वांना मत मिळावयास स्वतंत्र भारताच्या घटनेची वाट पाहावी लागली. डॉ. आंबेडकर या वेळीं मुंबई शहरांतून निवडून आले. १७ सप्टेंबरला त्यांनीं खोती नष्ट करण्याचें बिल असेंब्लींत मांडलें. कोंकणांत सरकार व कूळ यांच्यामध्यें खोत बसलेला असे. कूळ किती देतें व सरकारांत किती पोंचतें या हिशेबांतल्या फरकावर त्याचा उदरनिर्वाह चाले. बिल मांडलें गेलें, पण पुढें सरकेना. तेव्हां १० जानेवारी १९३८ रोजीं कोंकणांतील व इतर जिल्ह्यांतील शेतकरी, खांद्यावर घोंगडी व हातांत काठी घेऊन, मुंबईच्या रस्त्यांनीं चालत कौन्सिल हॉलकडे गेले. त्यांत मत असलेले थोडे होते व नसलेले फार. त्यांच्या शिष्टमंडळाची मुख्य प्रधान बाळ गंगाधर खेर यांनीं भेट घेतली व म्हणणें ऐकून घेतलें. पुढच्या वर्षीं, १९३९ च्या नोव्हेंबरांत, मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि बिल तसेंच राहिलें. खोती कायद्यानें गेली ती १९४९ सालीं.